अकरावा भिडू

‘वरातीतला घोडा आहे तो. वरात संपली की घोडाही संपला.’

अमेरिकन फुटबॉलमध्ये संघाचा डाव चालवणाऱ्या भिडूला क्वार्टरबॅक म्हणतात. त्यांच्यातल्या पळणाऱ्यांविषयीचं हे मत मी गेली बारा-तेरा वर्षं ऐकत आलोय. ऐकवणारे काका माझे सख्खे काका नव्हेत; आमच्या मराठी मंडळात लहानथोर सगळेच त्यांना काका म्हणतात. १९८०च्या आसपास ते नोकरीसाठी मेरीलँडला आले, वॉशिंग्टनच्या फुटबॉल संघाच्या नादी लागले आणि तो नाद काही सुटला नाही. आमचं कोलंबिया गाव वॉशिंग्टन आणि बाल्टिमोरच्या मधोमध. त्यामुळे हंगामात इथे एकाच गल्लीत दोन झेंडे दिसतात. काका वॉशिंग्टनचे, मी बाल्टिमोर रेव्हन्सचा. एवढं सोडलं तर आमचं बरं चाललंय.

६ जानेवारी २०१३ची संध्याकाळ. काकांच्या तळघरात आम्ही दहाबारा जण, मधोमध चिवड्याचं पातेलं. वॉशिंग्टन विरुद्ध सिॲटल, बाद फेरी, सामना इथून अर्ध्या तासावरच्या लँडोव्हरला. वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक रॉबर्ट ग्रिफिन, वय २२, पहिलंच वर्ष. ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीत, दुसऱ्या क्रमांकावर त्याला उचलता यावं म्हणून संघाने पहिल्या फेरीतले तीन वर्षांचे हक्क आणि वर दुसऱ्या फेरीतला एक, एवढं मोजलं होतं. त्याने ते फेडलंही होतं. त्या हंगामात तो ८१५ यार्ड धावला. पहिल्या वर्षाच्या क्वार्टरबॅकचा तो तेव्हाचा विक्रम. पण महिन्याभरापूर्वी बाल्टिमोरविरुद्ध पळताना त्याच्या उजव्या गुडघ्यावर मार बसला होता, आणि ह्या सामन्यात पहिल्या क्वार्टरमध्येच, म्हणजे चारातल्या पहिल्या भागातच, तो लंगडायला लागला. तरी कोणी त्याला बाहेर काढलं नाही. सुरुवातीला १४-० पुढे असलेला संघ मागे पडला. चौथ्या क्वार्टरमध्ये चेंडू हातात नीट न येता जमिनीवर लोळला, तो उचलायला ग्रिफिन वाकला आणि त्याचा गुडघा असा काही आत दुमडला, की काकूंनी तोंड फिरवलं. काका न बोलता उठून वर निघून गेले.

वरातीतल्या घोड्याचं वाक्य त्यानंतरच्या रविवारचं. त्या दिवसापर्यंत काका ग्रिफिनच्याच १० नंबरच्या जर्सीत फिरत होते, हे इथे नोंदवून ठेवतो.

काकांचं म्हणणं पोरकट नाही. अमेरिकेत नामवंत प्रशिक्षक, माजी खेळाडू आणि टीव्हीवरचे पंडित तेच म्हणत आलेत: पायांवर खेळणारा क्वार्टरबॅक ही फॅशन आहे, बचाव करणारे शिकतील, पळणाऱ्याचे पाय थकतील आणि खेळ पुन्हा जागच्या जागी उभं राहून फेकणाऱ्याकडे येईल. मला हे पटत नाही. हा बदल टिकणार आहे. पण तो का टिकणार ह्याचं कारण बहुतेक जण चुकीचं सांगतात, आणि त्याची किंमत कोण मोजतोय हे तर कोणी सांगतच नाही.

खेळ न बघणाऱ्यांसाठी थोडं थांबतो. अकरा विरुद्ध अकरा. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, की पुन्हा चार प्रयत्न मिळतात. क्वार्टरबॅक हा कारभारी: प्रत्येक प्रयत्नात चेंडू आधी त्याच्याकडे येतो आणि तो एकतर दुसऱ्या धावणाऱ्याच्या हातात देतो किंवा लांब फेकतो. फेकताना त्याच्याभोवती समोरच्यांना अडवणाऱ्या स्वतःच्या आडदांड लाइनमनचं कडं असतं, त्याला पॉकेट म्हणतात. काकांच्या मनातला खरा क्वार्टरबॅक ह्या कड्यात उभा राहतो, नजर दूर ठेवतो, समोरून दीडशे किलोचा माणूस चालून येत असतानाही पाय हलवत नाही आणि अडीच सेकंदांत चेंडू सोडतो. टॉम ब्रेडी. पेटन मॅनिंग. बघायला सुंदर असतं, ह्यात वाद नाही.

पण हा उभा क्वार्टरबॅक सनातन नाही. १९४०पर्यंत बहुतेक संघ सिंगल विंग रचना खेळत. तिच्यात चेंडू थेट टेलबॅककडे यायचा आणि तो पळायचा, फेकायचा, वेळ पडली तर लाथेने लांबही उडवायचा. वॉशिंग्टनचा सॅमी बॉ असाच हरहुन्नरी. १९४३ मध्ये फेकण्यात तो एनएफएल ह्या व्यावसायिक लीगमध्ये पहिला, पंट, म्हणजे ती लांब लाथ, मारण्यात पहिला आणि बचावाला उभं राहून समोरच्याचे चेंडू अडवण्यातही पहिला! ८ डिसेंबर १९४०ला शिकागो बेअर्सने ह्याच बॉच्या वॉशिंग्टनला अंतिम सामन्यात ७३-० असं धुतलं. बेअर्स टी फॉर्मेशन खेळत होते, म्हणजे क्वार्टरबॅक लाइनला चिकटून उभा, चेंडू घेणार, वळणार, देणार किंवा फेकणार. त्या ७३ गुणांनंतर हळूहळू सगळी लीग टीकडे वळली. मग १९७८ मध्ये नियम बदलले: रिसीव्हरला, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणाऱ्याला, पाच यार्डांपुढे धक्काबुक्की करायची नाही आणि लाइनमनना हात पसरून अडवायची मुभा. फेकणं एकाएकी स्वस्त झालं. काकांनी अमेरिकेत पाय ठेवला तो ह्या नियमांची हळद ओली असताना. त्यांनी जे पहिलं पाहिलं तेच त्यांना मूळ वाटलं, तर नवल नाही.

अधूनमधून पळणारे होतेच. फ्रॅन टार्केंटन साठच्या आणि सत्तरच्या दशकात मैदानभर भटकत राहायचा. १९७२ मध्ये बेअर्सचा बॉबी डग्लस चौदा सामन्यांत ९६८ यार्ड धावला. १९९०ला फिलाडेल्फियाचा रँडल कनिंगहॅम ९४२. २००६ मध्ये अटलांटाच्या मायकल व्हिकने पहिल्यांदा हजारी गाठली, १,०३९. पण हे सगळे अपवाद म्हणून वाखाणले गेले. त्यांच्यासाठी कोणी खेळ नव्याने मांडला नाही. ठरलेला डाव फसला की ते पळायचे. आजचा फरक इथे आहे. आज पळणं हाच डाव असतो.

आणि तो डाव साध्या बेरीज-वजाबाकीवर उभा आहे. जुन्या पद्धतीत क्वार्टरबॅकने चेंडू दुसऱ्याला दिला की त्याचं काम संपलं. तो बाजूला उभा राहून बघणार. चेंडू घेऊन धावणारा स्वतःसाठी वाट मोकळी करू शकत नाही. उरले नऊ अडवणारे, आणि समोर अकरा बचाव करणारे. म्हणजे दर वेळी दोन माणसं मोकाट. कबड्डीत सहा जणांनी साखळी धरायची आणि सातव्याने कमरेवर हात ठेवून बघत राहायचं, असं एखाद्या तालमीत चाललं असतं का? अमेरिकन फुटबॉलमध्ये ते काही दशकं चाललं, आणि त्याला शहाणपण म्हणत.

आता रीड ऑप्शन बघा. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्लेनव्हिल स्टेट नावाच्या छोट्या कॉलेजात रिच रॉड्रिगेझ ह्या प्रशिक्षकाने हा प्रकार रुजवला. क्वार्टरबॅक लाइनपासून पाच यार्ड मागे, शेजारी रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा भिडू. चेंडू येतो. क्वार्टरबॅक तो रनिंग बॅकच्या पोटाशी धरतो, पण सोडत नाही. त्याची नजर चेंडूवर नसतेच. ती असते टोकाला उभ्या असलेल्या एका बचावपटूवर, ज्याला मुद्दाम कोणीही अडवलेलं नाही. तो आत झेपावला, तर क्वार्टरबॅक चेंडू ओढून घेतो आणि त्याने मोकळी सोडलेली कड पकडतो. तो जागेवर राहिला, तर चेंडू रनिंग बॅकचा. त्या बचावपटूने काहीही केलं तरी तो चुकतोच, आणि त्याला चुकवायला एक माणूसही खर्ची पडलेला नाही. शिवाय क्वार्टरबॅक आता बघ्या राहिलेला नाही. नऊ विरुद्ध अकराचा हिशेब एकदम बरोबरीत. जवळून बघितलं तर हा सगळा खेळ अर्ध्या सेकंदाचा असतो. पोटाशी धरलेला चेंडू, दोघांचे हात त्यावर, आणि कोणाचा तो हे त्या दोघांनाही अजून ठाऊक नसतं.

‘बचाव करणारे शिकतील’ ह्या म्हणण्याला माझं उत्तर कॉलिन केपर्निकच्या दोन सामन्यांत आहे. १२ जानेवारी २०१३, म्हणजे ग्रिफिनचा गुडघा गेला त्याच्या पुढच्याच आठवड्यात, सॅन फ्रान्सिस्कोच्या केपर्निकने ग्रीन बे पॅकर्सविरुद्ध धावत १८१ यार्ड काढले. पॅकर्सची पार शोभा झाली. मग त्यांनी पुढचा सगळा उन्हाळा रीड ऑप्शन मोडून काढण्याचा अभ्यास केला. सप्टेंबरमध्ये हंगामाची सलामी पुन्हा ह्याच दोघांत. पॅकर्सनी केपर्निकला धावू दिलं नाही. जेमतेम २२ यार्ड. आणि त्या दिवशी त्याने फेकून ४१२ यार्ड काढले आणि सामना जिंकला. अभ्यास बरोबर होता. पळण्याची वाट बंद करायला जी माणसं पुढे आणली, ती मागून उणी झाली होती, इतकंच.

हेच आज मोठ्या प्रमाणावर चाललंय. कॅन्सस सिटीच्या पॅट्रिक महोम्ससारख्यांच्या लांब फेकीला घाबरून बऱ्याच संघांनी दोन-दोन सेफ्टी, म्हणजे सगळ्यात मागचे बचावपटू, खोल उभे करायला सुरुवात केली. लांबचा चेंडू बंद झाला, पण पुढच्या भागात माणसं विरळ झाली, आणि तिथून पळणं सोपं झालं. पळणं अडवायला माणसं पुढे आणा, डोक्यावरून चेंडू जातो. पांघरूण तोकडं आहे. डोकं झाकलं की पाय उघडे पडतात.

मात्र ह्यात एक अट आहे, आणि फॅशनचा मुद्दा खरा ठरतो तो इथे. २१ सप्टेंबर २००८ला मायामी डॉल्फिन्सने वाइल्डकॅट नावाचा प्रकार आणला. क्वार्टरबॅकला कडेला पाठवायचं आणि चेंडू थेट रनिंग बॅक रॉनी ब्राउनकडे. न्यू इंग्लंडला त्यांच्या घरच्या मैदानावर ३८-१३ असं हरवलं, ब्राउनने पळून चार टचडाउन केले, म्हणजे चार वेळा चेंडू गोलरेषेपार नेला, आणि पाचवा टचडाउन चेंडू फेकून मिळवून दिला. लगेच बऱ्याच संघांनी वाइल्डकॅट उचलला. दोनेक वर्षांत तो विझला. कारण उघड होतं. ब्राउन सहसा फेकणार नाही हे सगळ्यांना माहीत, आणि कडेला उभा केलेला क्वार्टरबॅक तिथे कोणाच्याच उपयोगाचा नाही. म्हणजे बघ्या भिडू एका जागेवरून हलून दुसऱ्या जागी उभा राहिला, इतकाच काय तो बदल.

शिकागोच्या जस्टिन फील्ड्सचं उदाहरण आणखी बोलकं. २०२२ मध्ये तो १,१४३ यार्ड धावला. मायामीविरुद्ध एकाच सामन्यात १७८, नियमित हंगामातला क्वार्टरबॅकचा विक्रम. आणि बेअर्स? ३ विजय, १४ पराभव. फेकण्यात तो सावकाश आणि कच्चा होता. २०२४ मध्ये संघाने त्याला चिल्लरीच्या भावात पिट्सबर्गला देऊन टाकलं. नुसता पळणारा टिकत नाही, हे काकांचं म्हणणं इथे शंभर टक्के खरं आहे. टिकणार आहे ती पळण्याची धमकी. ज्याच्या हातात दम आहे आणि ज्याला मोकळं सोडलं तर तो बारा यार्ड घेऊन जाईल अशी भीती आहे, त्याच्या बाबतीत तो प्रत्यक्षात किती वेळा पळतो हे दुय्यम.

२०१८चा ड्राफ्ट मी ह्या वादातला निकाल मानतो. त्या वर्षी पहिल्या फेरीत पाच क्वार्टरबॅक गेले. दहाव्या क्रमांकावर ॲरिझोनाने जॉश रोझन घेतला, पॉकेटमध्ये उभं राहून फेकण्याचं शास्त्र ज्याच्याकडून शिकावं असा. बत्तिसाव्या, म्हणजे फेरीतल्या शेवटच्या क्रमांकावर बाल्टिमोरने लमार जॅक्सन घेतला. त्याआधी बिल पोलियन ह्या अनुभवी माजी जनरल मॅनेजरांनी टीव्हीवर सांगितलं होतं, की जॅक्सनने क्वार्टरबॅकचा नाद सोडून रिसीव्हर व्हावं. पुढे काय झालं? ॲरिझोनाने एका वर्षात रोझनला निरोप दिला आणि २०१९च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर कायलर मरे हा बुटका, चपळ, पळणारा क्वार्टरबॅक आणला. त्याच हंगामात जॅक्सन १७६ वेळा धावून १,२०६ यार्ड पुढे गेला, व्हिकचा विक्रम मोडला, आणि त्याच वेळी लीगमध्ये सर्वांत जास्त ३६ टचडाउन फेकले. सर्वोत्तम खेळाडूच्या किताबासाठी त्याला सगळीच्या सगळी मतं पडली. त्याआधी हे फक्त ब्रेडीला जमलं होतं. पोलियननी आपण चुकलो असं मोकळेपणाने कबूलही केलं. आकड्यांत एक बारकावा बघा. १७६ धावांत १,२०६ म्हणजे दर वेळी जवळपास सात यार्ड. पूर्ण वेळ पळण्याचाच धंदा करणारे रनिंग बॅक चार-साडेचारला खूश असतात.

आता एक नाजूक बाब. जॅक्सनला रिसीव्हर हो म्हणणारे सगळे वर्णद्वेषी होते असं मला म्हणायचं नाही. पण ह्या सल्ल्याला इतिहास आहे. कॉलेजात क्वार्टरबॅक असलेल्या कृष्णवर्णीय मुलांना व्यावसायिक फुटबॉलमध्ये वर्षानुवर्षं हेच सांगितलं गेलं: तू पळतोस छान, डोक्याचं काम दुसऱ्याला करू दे. वॉरन मून पॉकेटमध्ये उभं राहून उत्तम फेकायचा, तरी १९७८च्या ड्राफ्टमध्ये त्याला कोणीच घेतलं नाही. तो कॅनडाला गेला, एडमंटनकडून ग्रे कप हा तिथल्या लीगचा करंडक लागोपाठ पाच वेळा जिंकला, १९८४ मध्ये ह्यूस्टनकडून एनएफएलमध्ये आला आणि २००६ला हॉल ऑफ फेममध्ये बसला. १९८८च्या जानेवारीत कृष्णवर्णीय डग विल्यम्सने सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकून दिला तो काकांच्याच वॉशिंग्टनला; एका क्वार्टरमध्ये चार टचडाउन. ती रात्र काका अजून तिखटमीठ लावून सांगतात. ‘पळणारा’ हे विशेषण गेली कित्येक वर्षं निव्वळ पायांविषयी कधीच नव्हतं, आणि ‘ही फॅशन जाईल’ हे भाकीत करणाऱ्याने आपण नेमकं काय जाण्याची वाट बघतोय, हे एकदा स्वतःला विचारून घ्यावं. मी काकांना हे तोंडावर सांगितलंय. त्यांना ते आवडलं नाही.

दुखापतींकडे येतो. इथे काकांची बाजू सर्वांत भक्कम वाटते आणि इथेच ती अर्धी ढासळते. पळणारे मोडतात हे खरं, पण उभे राहणारे कमी मोडत नाहीत. १८ नोव्हेंबर १९८५ला वॉशिंग्टनच्या जो थाइजमनचा पाय लॉरेन्स टेलरच्या टॅकलमध्ये मोडला. काकांनी ते बघितलंय. हाडाचा आवाज टीव्हीवर आल्यासारखा वाटला म्हणतात. थाइजमन पॉकेटमध्ये उभा होता. पुन्हा कधी खेळला नाही. २००८च्या पहिल्याच सामन्यात ब्रेडीचा गुडघा गेला, उभ्या उभ्या. २०२३ मध्ये ॲरन रॉजर्स न्यू यॉर्क जेट्सकडून पहिल्यांदा उतरला आणि चौथ्या प्रयत्नाला त्याचा टाचेवरचा स्नायूबंध तुटला, तोही पळताना नव्हे. डिसेंबर २०२२ मध्ये जॅक्सनचा हंगाम संपवणारी गुडघ्याची दुखापत पॉकेटमध्येच झालेली. पळणाऱ्याला निदान समोरचा येताना दिसतो, तो पाय पुढे करून घसरू शकतो आणि घसरलेल्याला मारता येत नाही. उभा असणाऱ्याची पाठ उघडी असते.

पण हा युक्तिवाद मी एका मर्यादेपलीकडे ताणणार नाही, कारण मग मला कॅम न्यूटनचं काय करायचं हे कळत नाही. सहा फूट पाच इंच, रनिंग बॅकपेक्षा धिप्पाड. २०१५ मध्ये ३५ टचडाउन फेकले, १० पळून केले, कॅरोलायनाला १५-१, म्हणजे १५ विजय आणि १ पराभव, इथवर नेलं. त्याला गोलरेषेवर हातोड्यासारखं वापरलं गेलं, वर्षानुवर्षं. खांद्यावर शस्त्रक्रिया झाल्या, आणि बत्तिसाव्या वर्षी तो संपला होता. ब्रेडी पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत खेळला. इंडियानापोलिसचा अँथनी रिचर्डसन २०२३ मध्ये चौथ्या क्रमांकावर निवडला गेला, पाचव्या आठवड्यात ठरवून दिलेल्या धावेवर खांदा जायबंदी झाला, पहिलं वर्ष चार सामन्यांत आटोपलं, आणि फेक शिकायची ती वेळ कायमची हातची गेली. वाढत्या वयाच्या झाडाची फांदी पहिल्याच पावसात मोडावी, तसं. लीगचा नियमही इथे कठोर आहे. पॉकेटमधल्या क्वार्टरबॅकला फुलासारखं जपतात, पण त्याने रीड ऑप्शनचा आव आणला, की चेंडू हातात असो नसो, त्याला धावणारा समजून आपटायला परवानगी आहे.

मग संघ असं का वागतात? पैशाचा हिशेब बघा. ड्राफ्टमधून आलेल्या मुलाचा पगार २०११च्या करारापासून ठरावीक तक्त्यानुसार असतो, चार वर्षांचा, आणि पहिल्या फेरीतल्याला पाचवं वर्ष वाढवता येतं. जॅक्सनचे पहिले चार वर्षांचे पैसे एकूण ९५ लाख डॉलरच्या आसपास. त्यात बाल्टिमोरला सर्वोत्तम खेळाडूचा किताब मिळाला. २०२३ मध्ये नवा करार झाला तो पाच वर्षांसाठी २६ कोटी डॉलरचा. मधल्या फरकात सगळं आलं. मुलगा स्वस्त असेपर्यंत त्याला पळवा. शरीर टिकलं तर पुढे बघू, नाही टिकलं तर पुढच्या ड्राफ्टमध्ये दुसरा आहेच. कॉलेजं आता असेच क्वार्टरबॅक घडवतात, पुरवठा तुटणार नाही. आपल्याकडे शर्यतीच्या बैलालाही मालक ह्याहून जास्त जपतो. बदल टिकणार असं मी म्हणतो तेव्हा हा भागही त्यात धरतो, आणि तो मला आवडत नाही. खेळाडू संघटनेने पगाराच्या तक्त्याशी हा मुद्दा बांधायला हवा: ज्याला ठरवून पळवता, त्याला चौथ्या वर्षापर्यंत ताटकळत का ठेवता?

राहिला करंडकाचा प्रश्न. ‘तुमच्या जॅक्सनने सुपर बोल कुठे जिंकलाय?’ काका दर जानेवारीत विचारतात, आणि मला दर जानेवारीत गप्प बसावं लागतं. २०१९ मध्ये १४-२ करून आम्ही घरच्या मैदानावर टेनेसीकडून २८-१२ हरलो. जॅक्सन त्या दिवशी १४३ यार्ड धावला आणि ३६५ फेकले. मागे पडल्यावर त्याला ५९ वेळा फेकावं लागलं. ती रेव्हन्सची चूक होती, पायांची नव्हे, असं मी म्हणतो. काका ‘बरं’ म्हणतात. त्यांच्या ‘बरं’मध्ये खूप काही असतं.

पण फेब्रुवारी २०२५ नंतर त्यांचा प्रश्न पूर्वीसारखा टोचत नाही. फिलाडेल्फियाचा जेलन हर्ट्स, २०२०च्या ड्राफ्टमध्ये ५३व्या क्रमांकाचा, सुपर बोल जिंकला, ४०-२२, आणि सामनावीर ठरला. धावत ७२ यार्ड. सुपर बोलमधला क्वार्टरबॅकचा धावण्याचा विक्रम, जो आधीही त्याचाच होता. एक यार्ड हवा असला की त्याला मागून ढकलून नेण्याचा त्यांचा डाव, टश पुश, इतका हमखास चालतो, की मे २०२५ मध्ये मालकांनी त्यावर बंदीसाठी मतदान घेतलं. २४ मतं हवी होती, २२ पडली. दोन मतांनी वाचला. एखादी गोष्ट थांबवायला कायदा करावा लागतो, तेव्हा ‘बचाव करणारे शिकतील’ हे म्हणणं मागे पडलेलं असतं.

आणि महोम्स? त्याला कोणी पळणारा म्हणत नाही. फेब्रुवारी २०२४, लास व्हेगास, सुपर बोल, जादा वेळ. कॅन्सस सिटी तीन गुणांनी मागे, चौथा प्रयत्न, एक यार्ड हवा, नाही मिळाला तर सामना संपला. महोम्स चेंडू रनिंग बॅकच्या पोटाशी नेतो. टोकाचा बचावपटू आत वळतो. महोम्स चेंडू ओढून कडेने आठ यार्ड. थोड्या वेळाने तिसऱ्या प्रयत्नाला फेकायला जागा नाही, तो मधून पळतो, एकोणीस यार्ड. मग टचडाउन, २५-२२. त्या रात्री कॅन्सस सिटीकडून सर्वांत जास्त धावला तो महोम्सच, ६६ यार्ड. हंगामभर जेमतेम वापरलेलं हत्यार त्याने अखेरच्या प्रसंगासाठी राखून ठेवलं होतं. ग्लेनव्हिल स्टेटचा डाव, बचावपटूचे तेच गोंधळलेले पाय. मी काकांकडे बघितलं. ते चिवडा खात होते.

ग्रिफिनचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. पुढच्या वर्षी तो घाईने परतला, पूर्वीचा वेग परत आलाच नाही, वॉशिंग्टनने त्याला सोडलं. २०१८ मध्ये तो बाल्टिमोरला आला. राखीव म्हणून. ज्याच्या गुडघ्यावर त्या हंगामातला पहिला घाव बाल्टिमोरच्या खेळाडूचा, तो बाल्टिमोरच्याच बाकावर बसून लमार जॅक्सनला २०१९चा तो हंगाम खेळताना बघत होता. कॅमेरा कधी त्याच्यावर गेला की मी काकांच्या तळघरात आवाज थोडा कमी करायचो.

२०२४ मध्ये वॉशिंग्टनने पुन्हा दुसऱ्याच क्रमांकावर पुन्हा एक पळणारा क्वार्टरबॅक घेतला, जेडन डॅनियल्स. पहिल्याच वर्षी त्याने ८९१ यार्ड धावून ग्रिफिनचा विक्रम मोडला, १२-५ केलं, संघाला सुपर बोलच्या एक पायरी अलीकडे नेलं. २ नोव्हेंबर २०२५च्या रात्री लँडोव्हरचं तेच मैदान, समोर पुन्हा सिॲटल. चौथ्या क्वार्टरमध्ये वॉशिंग्टन तीसहून अधिक गुणांनी मागे, सामना कधीच हातचा गेलेला, तरी डॅनियल्स मैदानात. गोलरेषेजवळ टॅकल होताना त्याचा डावा हात अंगाखाली उलटा वळला. कोपर निखळलं. त्याला मैदानात ठेवणं ही आपली चूक, असं प्रशिक्षक डॅन क्विन नंतर म्हणाले.

तळघरात कोणी बोललं नाही. ह्या वेळी काका उठून वर गेले नाहीत. टीव्ही तोच सीन पुन्हा दाखवत होता आणि ते बघत बसले होते, अंगात डॅनियल्सची ५ नंबरची जर्सी, बाहीवर दुकानातली घडी अजून मोडलेली नव्हती.